चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वनपर्यटन

चंद्रपूर व गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे दोन वनव्याप्त जिल्हे आहेत. व्याघ्रदर्शन, अरण्यनिवास, नदीसंगम, प्राचीन मंदिरे व किल्ले पाहण्यासाठी तेथे होणाऱ्या पर्यटनास या भागातील वनपर्यटन म्हटले जाते. त्याचे केंद्र ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प हे असून बहुसंख्य पर्यटक केवळ तेवढ्यासाठीच येतात. समुद्रकिनारा किंवा थंड हवेच्या ठिकाणी सुट्टी घालवायची असेल, तर तिथी आणि निवास ठरला की बेत पुरा होतो. ताडोब्याच्या सहलीत मात्र आधी प्रवेशपत्र मिळवावे लागते. कोणत्या दिवशी, कोणत्या प्रवेशद्वारातून आणि कोणत्या फेरीत जंगलात जाता येईल हे ठरल्यावरच निवास, गाडी व रजा यांचा मेळ घालता येतो. गडचिरोलीत अशी व्यवस्था नाही. तेथील सहल अंतर, नद्यांचे पूर आणि रस्त्यांची स्थिती पाहून आखली जाते.

पार्श्वभूमी

दोन्ही जिल्हे पूर्वी एकच होते. चांदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचे नाव १९६४ च्या सुमारास चंद्रपूर झाले व २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा करण्यात आला. हा प्रदेश दीर्घकाळ गोंड राजांच्या अमलाखाली होता. त्यांच्या राजवटीच्या खुणा चंद्रपूरच्या परकोटापासून ताडोब्याच्या जंगलातील दगडी खांबांपर्यंत आढळतात. जंगलातील जुन्या रस्त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर उभ्या असलेल्या या खांबांतून दोर ओवून राजाच्या आगमनाचा संदेश पुढे पोहोचवला जात असे, असे सांगितले जाते.

ताडोबा हे नाव तारू या गोंड गावप्रमुखाशी जोडलेले आहे. वाघाशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला व पुढे त्यास देवत्व मिळाले, अशी लोककथा आहे. त्याचे देवस्थान ताडोबा तलावाच्या काठी एका मोठ्या झाडाखाली असून पौष महिन्यात तेथे आदिवासी भाविकांची जत्रा भरत असे. पर्यटकांना गाडीतून दिसणारा हा तलाव परिसरातील लोकांच्या दृष्टीने प्रथम देवाचे ठाणे आहे. मगरी व पाणपक्षी हे त्याचे आकर्षण पर्यटनामुळे पुढे आले.

येथील शिकारीवर १९३५ मध्ये बंदी घालण्यात आली. १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. ते महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. लगतचे अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये अस्तित्वात आले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प तयार झाला. प्रकल्पाचे गाभा (कोअर) क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. त्याभोवतीचे सुमारे १,१०२ चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र २०१० मध्ये अधिसूचित झाले. साग व बांबू यांचे प्राबल्य असलेल्या या शुष्क पानझडी जंगलात ऐन, मोह, तेंदू, बिजा, धावडा, अर्जुन हे वृक्ष आढळतात. प्राण्यांमध्ये वाघाखेरीज बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, गवा, सांबर, चितळ, नीलगाय, चौशिंगा व भेकर यांचा समावेश होतो.

प्रवेशद्वारे व आरक्षण

गाभा क्षेत्रात जाण्यासाठी मोहर्ली, खुटवंडा, नवेगाव, कोलारा, झरी व पांगडी ही प्रवेशद्वारे आहेत. बफर क्षेत्राची द्वारे याहून अधिक असून त्यांत आगरझरी, देवाडा, जुनोना, अडेगाव, अलिझंझा, मदनापूर, पळसगाव इत्यादींचा समावेश होतो. प्रत्येक द्वारातून एका फेरीत सोडण्यात येणाऱ्या वाहनांची संख्या ठरलेली असते. सकाळ व दुपार अशा दोन फेऱ्या होतात. त्यांच्या वेळा ऋतुमानानुसार बदलतात, परंतु प्रत्येक फेरी साधारणतः चार तासांची असते. उघड्या जिप्सीत चालक व मार्गदर्शक (गाइड) यांच्याव्यतिरिक्त सहा पर्यटक बसू शकतात. मार्गदर्शकाशिवाय प्रवेश मिळत नाही.

आरक्षण प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून होते. प्रवेशपत्र विशिष्ट द्वार, दिनांक व फेरी यांपुरतेच ग्राह्य असल्याने एका द्वाराचे प्रवेशपत्र दुसऱ्या द्वारावर चालत नाही. नवख्या पर्यटकांची सर्वाधिक गफलत येथेच होते. नकाशावर मोहर्ली व कोलारा एकाच जंगलाची दोन टोके दिसतात. प्रत्यक्षात जंगल ओलांडून जाता येत नसल्यामुळे बाहेरच्या रस्त्याने दोन तासांहून अधिक प्रवास करावा लागतो. मोहर्लीत मुक्काम व कोलाऱ्याची पहाटेची फेरी असा बेत केल्यास मध्यरात्रीनंतर लगेच निघावे लागते. म्हणून आधी द्वार, मग मुक्काम हा क्रम पाळणे हिताचे ठरते.

शनिवार-रविवार व सुट्ट्यांच्या दिवसांचे दर अधिक असतात. दिवाळी, नाताळ आणि उन्हाळी सुट्टीतील गाभा क्षेत्राची प्रवेशपत्रे बरेच आधी संपतात. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असते. आरक्षण करताना दिलेले ओळखपत्र मूळ स्वरूपात द्वारावर दाखवावे लागते. तपशील जुळला नाही तर पैसे भरूनही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. दर, वेळा व आरक्षण खुले होण्याची मुदत हंगामागणिक बदलत असल्याने प्रवासापूर्वी संकेतस्थळावरील ताजी माहिती पाहणे आवश्यक असते. २०२३ मध्ये ऑनलाइन आरक्षणाचे काम पाहणाऱ्या एका खासगी संस्थेविरुद्ध सुमारे १२ कोटी रुपयांच्या अपहाराची तक्रार पोलिसांत नोंदवण्यात आली व आरक्षणाची व्यवस्था बदलण्यात आली. जुन्या पुस्तिकांत व प्रवासवर्णनांत दिलेले आरक्षणाचे पत्ते त्यामुळे कालबाह्य झाले आहेत.

गाभा क्षेत्राचे प्रवेशपत्र न मिळाल्यास बफर क्षेत्राचा पर्याय असतो व तो कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही. वाघ ही सीमा पाळत नाहीत. आगरझरी, जुनोना, अलिझंझा या भागांत वाघाचे दर्शन वारंवार होते. मोठ्या देहयष्टीमुळे प्रसिद्ध असलेला वाघडोह हा वाघ उतारवयात गाभा क्षेत्र सोडून बाहेरच्या जंगलात राहू लागला होता. मे २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला तोही प्रकल्पाच्या गाभ्याबाहेरच. आगरझरी येथे फुलपाखरू उद्यान असून सफारीच्या मधल्या वेळेत ते पाहता येते.

हंगाम

गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात बंद असते. पावसाळ्यात बफर क्षेत्रातील काही मार्ग चालू ठेवले जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगल हिरवे व गवत उंच असल्याने प्राणी कमी दिसतात, पण निसर्ग, कीटक व पक्षी पाहणाऱ्यांना हाच काळ आवडतो. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीतील पहाटेची थंडी बोचरी असते. विदर्भाची ख्याती ऐकून केवळ सुती कपडे घेऊन आलेल्यांची चांगलीच त्रेधा उडते.

व्याघ्रदर्शनाची शक्यता एप्रिल-मे महिन्यांत सर्वाधिक असते. पानगळीमुळे दृष्टी दूरवर पोहोचते आणि पाण्याच्या जागा मोजक्याच उरतात. ताडोबा, तेलिया व कोलसा हे तलाव, पांढरपौनी व वन विभागाने तयार केलेले पाणवठे येथे प्राणी येतात. चंद्रपूर हे देशातील सर्वाधिक उष्ण शहरांपैकी एक असून मे महिन्यात तेथील तापमान ४५ अंश सेल्सिअसपलीकडे जाते. दुपारची फेरी तळपत्या उन्हात सुरू होत असल्याने लहान मुले, वृद्ध व आजारी व्यक्तींसाठी ती त्रासदायक ठरते. मुलांसह येणाऱ्या कुटुंबांना फेब्रुवारी-मार्च अधिक सोयीचा असतो. त्या वेळी पळस फुललेला असतो आणि ऊन सोसवते. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्या रात्री पाणवठ्यांवरील मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद घेण्याचा उपक्रम होतो. त्यात निवडक निसर्गप्रेमींना सहभागी करून घेतले जाते.

सफारीतील नियम

वाहनातून खाली उतरणे, मोठ्याने बोलणे, भोंगा वाजवणे, प्राण्यांना खाद्य देणे व कचरा टाकणे यांस मनाई आहे. गाभा क्षेत्रात भ्रमणध्वनी नेण्यास बंदी आहे. या बंदीमागील मुख्य कारण छायाचित्रण नाही. वाघ दिसल्याची खबर भ्रमणध्वनीवरून पसरली की काही मिनिटांत अनेक जिप्सी एकाच ठिकाणी धावत व वाघाची वाट अडवली जात असे. असा प्रकार किती टोकाला जाऊ शकतो हे ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसून आले. तेथे जिप्सींनी एका वाघिणीला तिच्या बछड्यांसह दोन्ही बाजूंनी कोंडले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

राष्ट्रीय पातळीवर पर्यटनाची मर्यादा २०१२ मध्ये ठरली. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनास अंतरिम स्थगिती दिली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाल्यानंतर १६ ऑक्टोबर २०१२ रोजी ती उठवण्यात आली. या तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच नियंत्रित पर्यटन करता येते. वाहनांची संख्या, ठरलेले मार्ग व आठवड्याची सुट्टी ही सारी बंधने याच धोरणाला धरून आहेत. प्रवेशपत्र मिळण्यास अडचण येते ती यामुळेच.

स्थानिक रहिवासी व पर्यटन

अंधारी अभयारण्यात कोलसा, बोटेझरी, रानतळोधी, नवेगाव, जामणी व पळसगाव ही सहा गावे होती. व्याघ्र प्रकल्पानंतर त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे आला. बोटेझरी, नवेगाव, जामणी या गावांचे बाहेर पुनर्वसन झाले. आज ज्या कुरणांत चितळ व गवे चरताना दिसतात, त्यांपैकी काही पूर्वी या गावांची शेते होती. सफारीच्या वर्णनांत ही बाब क्वचितच येते.

पर्यटनाचा पैसा कोणाकडे जातो हा जगभरातील पर्यटनस्थळांपुढचा प्रश्न आहे. कॅरिबियन समुद्रातील बेटांविषयीच्या अभ्यासांत त्यास ‘गळती’ म्हटले जाते. पाहुणा बेटावर खर्च करतो, पण हॉटेल, विमान कंपनी व आयात खाद्यपदार्थ यांच्या वाटे त्यातील मोठा भाग बेटाबाहेर जातो. ताडोब्याभोवतीची आलिशान रिसॉर्ट बहुतांशी बाहेरच्या भांडवलावर उभी असल्यामुळे येथेही गळती आहेच. तिला काही अंशी आळा घालणारा घटक म्हणजे प्रवेशव्यवस्था. मार्गदर्शक सक्तीचा असून तो परिसरातील गावांतीलच असतो. जिप्सी व चालकही मुख्यत्वे स्थानिक असतात. मार्गदर्शक म्हणून काम करणाऱ्यांत महिलाही आहेत. बफर क्षेत्रातील गावांत पारिस्थितिकी विकास समित्या स्थापन झाल्या असून २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून स्वयंपाकाचा गॅस, कुंपण, शौचालय अशी कामे हाती घेण्यात आली. सरपणासाठी जंगलात जाण्याची गरज कमी व्हावी हा गॅसपुरवठ्यामागील हेतू होता. निवासासाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ व वन विकास महामंडळ यांची विश्रामगृहे मोहर्ली येथे आहेत. गावांतील घरगुती निवास निवडल्यास खर्चाचा मोठा भाग गावातच राहतो.

पर्यटनाचा सर्वोत्तम हंगाम आणि गावकऱ्यांचा सर्वाधिक धोक्याचा काळ एकच आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले व मेमध्ये तेंदूपाने गोळा करण्यासाठी स्त्रीपुरुष पहाटेच जंगलात जातात. ते पायी व वाकून काम करीत असल्याने वाघाच्या हल्ल्यास सहज बळी पडतात. पर्यटक सहसा सुरक्षित असतो, कारण जिप्सीला सरावलेला वाघ तिच्यातील माणसे वेगळी ओळखत नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. वन कर्मचाऱ्यांनाही हा धोका चुकत नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी कोलारा भागात व्याघ्रगणनेसाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ही वाघीण पर्यटकांची आवडती होती.

२०२२ च्या अखिल भारतीय गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ होते व त्यांत चंद्रपूर जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. यांतील अनेक वाघ ब्रह्मपुरीसारख्या प्रादेशिक वनविभागांत, म्हणजे गावे, शेते व सिंचन कालवे यांच्या मधोमध राहतात. तेथे पर्यटन नसल्यासारखेच असल्याने वाघापासून होणारा तोटा गावाला आणि मिळणारे उत्पन्न प्रकल्पालगतच्या गावांना, अशी विषम वाटणी दिसते.

चंद्रपूर शहर व परिसर

सफारीच्या दोन फेऱ्यांमधला किंवा मंगळवारचा दिवस चंद्रपूर शहरासाठी राखता येतो. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या दरवाजांसह गोंडकालीन परकोटाचा मोठा भाग अद्याप उभा आहे. अंचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजांच्या समाध्या असून राजा बिरशहाची समाधी राणी हिराईने बांधली. महाकाली मंदिरात चैत्रात मोठी यात्रा भरते व त्या काळात शहरात निवास मिळणे अवघड होते. भद्रावती येथे जैन मंदिर व विजासन लेणी, तर वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेले आनंदवन आहे. नागभीड तालुक्यातील घोडाझरी तलावाच्या परिसरास २०१८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला.

गडचिरोली जिल्हा

गडचिरोलीचे दोन-तृतीयांशांहून अधिक क्षेत्र वनाच्छादित असूनही तेथे ताडोब्यासारखे पर्यटन विकसित झालेले नाही. अनेक दशकांचा नक्षलवादी हिंसाचार हे त्याचे एक कारण होय. मोठी अंतरे, पुलांचा अभाव व निवासाची कमतरता ही कारणे तितकीच महत्त्वाची आहेत. अलीकडच्या वर्षांत हिंसाचार घटला असून ऑक्टोबर २०२५ मध्ये एका ज्येष्ठ माओवादी नेत्याने अनेक सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरणागती पत्करली. तरीही भामरागड व एटापल्ली तालुक्यांच्या आतील भागात जाण्यापूर्वी स्थानिक चौकशी करण्याची रीत टिकून आहे.

सहज पोहोचता येणारे ठिकाण म्हणजे चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा. वैनगंगा येथे उत्तरवाहिनी होते व तिच्या काठी कोरीव शिल्पांनी नटलेला मंदिरसमूह आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. शांतपणे शिल्पे पाहायची असल्यास ते दिवस टाळावे लागतात. आरमोरी तालुक्यातील वैरागड येथे जुना किल्ला असून तेथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त आहे.

दक्षिणेकडील प्रवासाचा तळ आलापल्ली हा असतो. गडचिरोलीपासून ते सुमारे ११० किलोमीटर आहे. येथील जुन्या सागवनाचा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा भाग २०१४ मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. राज्यातील हे पहिले असे स्थळ होय. अहेरी तालुक्यातील कमलापूर येथे वन विभागाचा हत्ती कॅम्प आहे. लाकूड ओढण्यासाठी पाळलेल्या हत्तींपासून ही परंपरा सुरू झाली. २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेले रानटी हत्ती जिल्ह्याच्या उत्तर भागात वावरत असून त्यांचा या पाळीव हत्तींशी संबंध नाही. रानटी कळप पाहण्यास जाणे धोक्याचे आहे.

आलापल्लीहून सुमारे ६० किलोमीटरवर हेमलकसा आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला व डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढवला. माडिया गोंडांसाठीचे रुग्णालय व निवासी शाळा हे त्याचे मुख्य काम आहे. अनाथ वन्यप्राण्यांचे आश्रयस्थान पाहण्यासाठी पर्यटक येतात, परंतु प्रकल्प हे विश्रामस्थान नाही. रुग्णांची व विद्यार्थ्यांची छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत आणि मुक्कामाची विचारणा आधीच करावी, अशी अपेक्षा असते. पुढे भामरागड येथे इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा यांचा संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क वारंवार तुटतो, म्हणून जुलै ते सप्टेंबर या काळात हा बेत आखला जात नाही.

सिरोंचा तालुक्यात सोमनूर येथे इंद्रावती व गोदावरीचा संगम, तर वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. तेथील खडकांत जुरासिक काळातील डायनासोर व वृक्षांचे अवशेष सापडले आहेत. कोलामार्का हे रानम्हशींसाठी २०१३ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले होते, तरी ते नियमित पर्यटनस्थळ नाही.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक आहे. वनव्यवस्थापन व ग्रामसभा यांचा अभ्यास करणारे विद्यार्थी तेथे जातात. तेथील जंगलात जाण्यासाठी ग्रामसभेची अनुमती घ्यावी लागते. गडचिरोलीत प्रवेशपत्राच्या जवळपास जाणारी व्यवस्था कोठे असेल, तर ती अशा गावांत आहे.

हिवाळ्यात गेलेल्यांना दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईचा व झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटकांचा लाभ घेता येतो. या रंगभूमीच्या मंडळ्यांचे केंद्र वडसा (देसाईगंज) असून प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात.

प्रवास व आरोग्य

नागपूर येथे सर्वांत जवळचा मोठा विमानतळ आहे. चंद्रपूर व बल्लारशाह ही दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील स्थानके आहेत. मोहर्ली, आगरझरी व जुनोना यांसाठी चंद्रपूर, तर कोलारा, नवेगाव व अलिझंझा यांसाठी नागपूरहून उमरेड-चिमूरमार्गे जाणे सोयीचे पडते. गडचिरोली जिल्ह्यात लोहमार्गाने पोहोचण्यासाठी वडसा स्थानकावर उतरावे लागते. दक्षिण भागात राज्य परिवहनाच्या बस कमी असल्याने स्वतंत्र वाहन घेणे श्रेयस्कर ठरते. सुरजागड लोहखाणीच्या मालवाहतुकीमुळे एटापल्ली-आलापल्ली-आष्टी मार्गावर जड वाहनांची वर्दळ असते व प्रवासास अपेक्षेहून अधिक वेळ लागतो. आतील भागात भ्रमणध्वनीचे जाळे विरळ आहे. रोख रक्कम व पुरेसे इंधन आलापल्ली येथेच घेतले जाते.

गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाचा प्रादुर्भाव असल्याने मच्छरदाणी, अंगभर कपडे व डासप्रतिबंधक मलम बरोबर ठेवले जाते. परतल्यानंतर काही आठवड्यांत ताप आल्यास या प्रवासाची माहिती डॉक्टरांना देऊन रक्ततपासणी करून घेणे गरजेचे असते.